सत्याऐंशी नंबरचं पाणी

देवासच्या नीलकंठ बोरोल्यांना कुठलंही अंतर विचारा, ते किलोमीटरमध्ये कधी सांगायचे नाहीत. भाजीबाजार घरापासून तीन टॉवर, लेकीचं कॉलेज अकरा टॉवर आणि टेकरीवरची देवी चढ धरून सहा. विजेच्या दोन मोठ्या टॉवरांमध्ये तीनशे-सव्वातीनशे मीटर अंतर असतं, आणि सदतीस वर्षं तेवढंच चालत आलेल्या पायांना दुसरं माप कळेनासं होतं. त्यांच्या पत्नी शशिकलाबाई आधी हसल्या, मग चिडल्या, आणि शेवटी स्वतःच शेजारणीला सांगू लागल्या, की दातांचा नवा डॉक्टर इथून जेमतेम दोन टॉवरवर बसतो.

नीलकंठरावांचे वडील फैजपूरकडून देवासला आले ते कारखान्यातल्या नोकरीसाठी. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी. वाक्य कोणत्या भाषेत सुरू झालं आणि कोणत्या भाषेत संपलं याचा पत्ता नीलकंठरावांना स्वतःलाही नसे. पंचविसाव्या वर्षी ते विजेच्या खात्यात लागले. पुढे खात्याच्या कंपन्या झाल्या आणि हे पारेषण कंपनीच्या वाट्याला आले. पारेषण म्हणजे काय, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना समजावलं आणि कोणालाही ते समजलं नाही. घराघरात वीज देणारी कंपनी निराळी. यांची कंपनी डोंगरदऱ्यांवरून, मोठाल्या लोखंडी टॉवरांवरून वीज लांबून वाहून आणायची. पण गल्लीत दिवे गेले की लोक यांच्याच दारात. "बोरोलेजी, लाइट कब आएगी?" नीलकंठराव म्हणायचे, "भिया, ये अपना डिपार्टमेंट नहीं है," आणि तरीही त्या दुसऱ्या कंपनीला स्वतःच फोन लावून द्यायचे.

त्यांचं काम पायांचं. लाइन धरून एका टॉवरापासून दुसऱ्या टॉवरापर्यंत चालत जायचं, मान वर करून. कुठे तार टांगायची चिनी मातीची बशी फुटली आहे का, कोणी लोखंडाची पट्टी सोडवून नेली आहे का, एखादं झाड तारांच्या फार जवळ पोचलं आहे का, हे बघायचं. टॉवरावर पाटी असते, पाटीवर नंबर. त्या नंबरासमोर वहीत टिपायचं आणि पुढे निघायचं. साहेबलोकांना लाइन नकाशावर दिसते, सरळ आणि स्वच्छ. नीलकंठरावांना ती काट्याकुट्यांतून दिसायची, आणि वर्षाकाठी चपलांचे तीन जोड खायची.

अठरा वर्षांपूर्वी त्यांची बदली धरमपुरीच्या बाजूला झाली. तिथे लाइन माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या दिशेनं खाली उतरते. त्या उतारावर पिपरीखेडा नावाचं गाव आहे. गाव म्हणजे एका जागी वसलेलं नव्हे. भिल्लांच्या वस्त्या दूरदूर विखुरलेल्या, आणि प्रत्येक वस्तीला म्हणायचं फळिया. फळियांना जुनी नावं होती, पण टॉवर उभे राहिले तसे लोक टॉवराच्या नंबरानंच वस्त्या ओळखू लागले. सत्याऐंशी नंबरवाला फळिया, अठ्ठ्याहत्तरवाला फळिया. एका लग्नपत्रिकेवर तर नवरदेवाच्या पत्त्यात टॉवराचा नंबर छापलेला नीलकंठरावांनी पाहिला होता, आणि ती पत्रिका त्यांनी जपून ठेवली होती.

मे महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, बाटलीतलं पाणी दोन टॉवर मागेच संपलेलं. सत्याऐंशी नंबरच्या पाटीकडे बघायला त्यांनी मान वर केली आणि ती मान खाली आलीच नाही, तसेच मागे कोसळले. पुढचं त्यांना इतरांनी सांगितलेलं. पार्वती नावाची तिशीची बाई शेळ्या घेऊन तिथून चालली होती. तिनं काखेत हात घालून त्या परक्या, जड माणसाला आपल्या झोपडीपर्यंत ओढत नेलं. घरात दोन घागरी पाणी होतं, पहाटे भरून आणलेलं. एक घागर तिनं त्यांच्या डोक्यावर आणि छातीवर थोडी थोडी ओतली. दुसरीतलं पाणी मीठ-गूळ घालून वाटी वाटीनं पाजलं.

संध्याकाळी नीलकंठराव उठून बसले तेव्हा कोपऱ्यात पार्वतीची लहान मुलगी पाणी मागत रडत होती आणि आई तिला दटावत होती. पालथ्या घातलेल्या दोन घागरी दाराशी दिसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की या घरातलं दिवसभराचं पाणी आपण एकट्यानं संपवलं. ते कुठून आणलं होतं, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बाई, एक दिन यहाँ पानी लाके दूँगा. वचन देतो."

पार्वती हसली. "पहलां घर तो पोंच, भिया."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. नीलकंठराव प्यायल्या पाण्याला जागणारे निघाले. पंचायतीत अर्ज दिले, तहसिलीत खेटे घातले. दरवेळी लाइन बघत सत्याऐंशीपाशी आले, की पार्वती दारातून ओरडायची, "भिया, पाणी आयो कई?" ती थट्टेनं विचारायची. हे मात्र मान खाली घालायचे. पुढे त्यांची देवासला परत बदली झाली, तरी दिवाळीनंतर एकदा ते तिच्या मुलांसाठी चिवड्याचा डबा घेऊन जायचेच, आणि दारातून तोच प्रश्न यायचा.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, जी त्या वेळी अगदी किरकोळ वाटली. वरच्या बाजूला नवा रस्ता निघाला म्हणून लाइन थोडी वळवावी लागली आणि त्या वळणात नऊ टॉवर वाढले. साहजिकच पुढच्या सगळ्या टॉवरांचे नंबर नवानं सरकले. जुन्या पाट्या काढल्या, नव्या ठोकल्या. पार्वतीच्या दारचा सत्याऐंशी आता शहाण्णव झाला. आणि नवा सत्याऐंशी झाला तो जुना अठ्ठ्याहत्तर, तिथून वर नऊ टॉवरांवरचा, रघुजी नावाच्या म्हाताऱ्याच्या फळियातला. नीलकंठराव तेव्हा देवासला होते. आदेशाचा कागद त्यांनी वाचला, सही केली आणि विसरले. डोक्यातल्या पाट्या कोण बदलणार? पिपरीखेड्यातल्या लोकांनी तरी कुठे बदलल्या. पार्वतीचा फळिया सगळ्यांच्या तोंडी अजून सत्याऐंशीवालाच होता.

कंपनीत सामाजिक कामांचा एक निधी असतो. ज्या गावांच्या डोक्यावरून आपली लाइन जाते त्यांच्यासाठी आपणही काही करावं, असा त्यामागचा विचार, आणि विचार चांगलाच आहे. त्यातून टोंकखुर्दच्या एका शाळेला बाकं मिळाली होती, हाटपिपल्याला डोळ्यांचं शिबिर झालं होतं. नीलकंठरावांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना उमाशंकर साहेबांनी, म्हणजे तिथल्या वरिष्ठ अभियंत्यांनी, ठरवलं की या खेपेला गाव कोणतं ते लाइनवर चालणाऱ्या माणसांनी सुचवायचं. नीलकंठरावांनी दीड पान लिहिलं. लेकीनं, रुचानं, ते हिंदीत टाइप करून दिलं. मराठी वाचताना तिची गाडी अडखळते, पण बाबांचं अक्षर तिला लागतं. अर्जात एक चौकट होती: जवळच्या टॉवराचा नंबर.

"सत्याऐंशी," नीलकंठराव म्हणाले.

"बाबा, पक्का ना? एकदा चेक करून घ्या."

"अगं, स्वतःचा फोन नंबर चुकेन मी. हा नाही चुकायचा."

अर्ज मंजूर झाला. बोअर, सौर पंप, टाकी, नळ, सगळं. नीलकंठरावांचा गुडघा त्या हिवाळ्यात असा काही दुखावला, की डॉक्टरांनी चालणं बंद केलं. तरुण कनिष्ठ अभियंता अंशुल कामावर देखरेख करायचा आणि त्यांना फोनवर फोटो पाठवायचा. बोअरला भरपूर पाणी लागलं. निळी टाकी उभी राहिली, मागे डोंगर. त्या मुलखात सगळेच डोंगर सारखे दिसतात. नीलकंठरावांनी तो फोटो गल्लीत इतक्या जणांना दाखवला, की समोरचे दुकानदार त्यांना पाहून दुकान बंद करू लागले.

निवृत्ती मार्चअखेरीस होती, आणि टाकीचं उद्घाटन मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठरलं. नीलकंठराव शशिकलाबाईंना घेऊन निघाले. पार्वतीसाठी इरकली काठाची साडी, गुळाच्या पोळ्यांचा डबा. जीपमध्ये ते सारखे बोलत होते. तिनं 'पाणी आयो कई' विचारलं, की आपण काय उत्तर द्यायचं याची त्यांनी शशिकलाबाईंसमोर तीनदा तालीम केली.

जीप मुख्य रस्ता सोडून आत वळली तेव्हा ते म्हणाले, "अंशुल, अभी कहाँ? अजून नऊ टॉवर आहेत."

"सर, यही तो है," अंशुल म्हणाला. "सत्तासी नंबर."

मंडप होता, ढोल होता. टाकी होती आणि नळापाशी बायकांची रांग होती. रघुजी पुढे आला आणि त्यानं नीलकंठरावांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. त्यांनी वर पाहिलं. टॉवरावर पाटी: ८७. त्या पाटीकडे ते नुसते बघत राहिले. नऊ टॉवर वाढले होते. सही केली होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशातली गत.

शशिकलाबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. "काय झालं हो?"

"पार्वती इथे राहत नाही. मी जुना नंबर लिहिला गं."

त्या क्षणी हे फक्त दोघांना माहीत होतं, हे लक्षात घ्या. अर्जात सत्याऐंशी, पाटीवर सत्याऐंशी, टाकी सत्याऐंशीला. निवृत्तीला पंचवीस दिवस. गप्प बसले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पार्वतीला सांगता आलं असतं, की बाई, सरकारी काम, कुठेतरी घोड्यानं पेंड खाल्ली.

"मग सांगा ना," शशिकलाबाई म्हणाल्या.

"आता? गळ्यात माळ घेऊन?"

"माळ काढून सांगा."

नीलकंठरावांनी माळ काढली, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि माइकपाशी गेले. त्यांना भाषण येत नव्हतं. त्यांनी घडलं ते सांगितलं: मे महिना, दोन घागरी, दिलेला शब्द, सरकलेले नंबर. "ये टंकी जिसके लिए माँगी थी, उसके यहाँ नहीं लगी. गलती मेरी है. किसी और की नहीं."

नळाखाली घागर लावलेल्या एका बाईनं ती हळूच काढून घेतली, हे पाणी आपलं नव्हे असं समजून. नीलकंठराव धावत गेले, दुखऱ्या गुडघ्यानं जेवढं धावता येईल तेवढं, आणि ती घागर स्वतःच्या हातानं परत नळाखाली ठेवली. "भरो, बाई. पानी तुम्हारा ही है. गलती मेरी है, पानी की नहीं."

उमाशंकर साहेबांनी नंतर त्यांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हे, पण गोरामोरा झाला होता. "बोरोलेजी, आज ही बोलना ज़रूरी था? काम पूरा हो गया, इस साल का फंड बंद. दूसरी टंकी अब कहाँ से लाऊँ?"

"साहेब, टाकीचं मी काही म्हणत नाही. मला पार्वतीबाईकडे जायचंय."

जीप नको म्हणाले. नऊ टॉवर उतार ते आणि शशिकलाबाई चालत निघाले, तारांखालच्या मोकळ्या पट्टीतून. ती पट्टी झाडं तोडून मोकळी ठेवायची असते, आणि वर्षानुवर्षं ती नीलकंठरावांनीच ठेवली होती. मागून काठी टेकत रघुजी येत होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

पार्वती आता पन्नाशीला आली होती. चुलीपुढे बसली होती. यांना पाहून तिनं तिथूनच आवाज दिला, "भिया, पाणी आयो कई?"

नीलकंठराव अंगणात उभे राहिले आणि रडू लागले. साठी उलटलेला माणूस, हातात साडीची पिशवी. सांगायचं ते शेवटी शशिकलाबाईंनीच सांगितलं, मोडक्यातोडक्या माळवीत. पार्वती ऐकत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही. मग ती एवढंच म्हणाली, "अठारा बरस." आणि तिचा स्वर कडू होता. तो कडू असायचा तिला हक्क होता.

मग तिचं लक्ष रघुजीकडे गेलं. "काका, पाणी थारे याँ आयो?"

"हाँ, बेटी."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. मग नीलकंठरावांना म्हणाली, "तो ठीक आयो, भिया. उस दिन तू जो पीयो थो, वो म्हारो पाणी थोड़ी थो. इनको थो."

तेव्हा कळलं. त्या दिवसांत फळियात पाणी नव्हतंच. पार्वती पहाटे उठून नऊ टॉवर चढायची आणि रघुजीच्या फळियातल्या झिऱ्यावरून पाणी भरायची. मे महिन्यात झिरा जेमतेम पाझरायचा. रघुजीच्या घरच्या बायका आपला नंबर थांबवून खालून आलेल्या या बाईला दोन घागरी आधी भरू द्यायच्या, कारण तिला लांब जायचं असायचं. आता तो झिरा होळीच्या आधीच आटतो आणि दोन्ही फळियांतल्या बायका मैलोगणती हिंडतात. ज्या दोन घागरींनी नीलकंठराव जगले, त्या भरल्या होत्या रघुजीच्या दारात. अठरा वर्षं ते एका घराचे उपकार मानत आले होते, आणि दुसऱ्या घराचं त्यांना नावही माहीत नव्हतं.

नीलकंठरावांनी वाकून रघुजीच्या पायांना हात लावला. म्हातारा गडबडून मागे सरला.

"पर म्हारा घड़ा तो रीता छे," पार्वती म्हणाली. ती काही संत नव्हती, आणि तहान कोणाला संत होऊ देत नाही. "इनको काई करां?"

रघुजी काठीनं मागच्या चढाकडे, तारांखालच्या त्या सरळ पट्टीकडे दाखवत म्हणाला, "पाणी उतार पे तो आपणो आप आवे." टाकी वर, पार्वती खाली. मध्ये नऊ टॉवरांची मोकळी पट्टी. प्लास्टिकची नळी जमिनीखालून टाकली तर एकही झाड तोडावं लागणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट सदतीस वर्षं मान वर करून चालणाऱ्या माणसाला दिसली नव्हती.

"पण काका, एवढं खणणार कोण?" नीलकंठरावांनी विचारलं.

"हलमो बुला."

हलमा ही भिल्लांची जुनी रीत. एखाद्यावर अडचण आली, एकट्यानं निभत नाही असं झालं, की त्यानं हलमा बोलवायचा. मग प्रत्येक घरातून माणूस येतो, आपलं फावडं आणि आपली भाकरी घेऊन. मजुरी नाही, उपकार नाही. फक्त हाक अडलेल्यानंच द्यायची असते.

"मी बोलावू? मी तुमच्यातला कोण?"

"मुसीबत कोणकी छे?" रघुजीनं विचारलं. "थारी. तो तू बुला."

आणि देवासच्या एम.आय.जी. कॉलनीत राहणारे, कोणाकडे साखरसुद्धा न मागणारे नीलकंठ बोरोले तीन रविवार पिपरीखेड्यात घरोघर फिरले. पहिल्या दारात तर त्यांच्या तोंडातून शब्दच फुटेना. पार्वतीनं मागून ढोसलं, "बोल, भिया." ते म्हणाले, "मुझसे गलती हो गई है. हलमा है. आना." तिसऱ्या दारापासून जीभ सैल झाली. शेवटच्या घरात एक आंधळी म्हातारी होती. ती म्हणाली, मला खणता येणार नाही, पण मी गाणं म्हणायला येईन.

कंपनीत त्यांनी परवानगी मागितली. लोखंड नाही, प्लास्टिकची नळी, टॉवरांच्या पायांपासून लांब, जमिनीत पुरलेली. अर्जाच्या पहिल्याच ओळीत 'माझ्या चुकीमुळे' असं लिहिलं होतं. उमाशंकर साहेबांनी त्याच दिवशी सही केली आणि म्हणाले, "तीस साल में ऐसी एप्लिकेशन पहली बार देखी." नळी कुठून आणायची? निवृत्त होणाऱ्याची बँडबाजासह मिरवणूक काढायची आणि भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, ही ऑफिसची रीत. नीलकंठरावांनी अंशुलला आधीच सांगून ठेवलं: मिरवणूक नको, घड्याळ नको. निवृत्त माणसाला वेळ बघून करायचं काय? नळी द्या. ऑफिसनं नळी दिली. कमी पडली ती टाकीच्या ठेकेदारानं आपल्या शिल्लक मालातून घातली, न मागता. चांगली माणसं असतात. फक्त कोणीतरी अडचण सांगावी लागते.

मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत हलमा झाला. दोनशेच्या वर माणसं आली. नऊ टॉवर, मधली नऊ अंतरं. एकेक अंतर एकेका टोळीनं वाटून घेतलं. रघुजीचा फळिया सगळ्यात वरून सुरू झाला, ज्यांच्या दारी पाणी आधीच होतं तेच लोक सगळ्यात पुढे. देवासहून एक बसभर लाइनमन आले. अंशुलच्या हाताला तासाभरात फोड आले आणि बायकांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. तिसऱ्या अंतरात खडक लागला तिथे अर्धा दिवस गेला. आंधळी म्हातारी दगडावर बसून गात होती. गुडघ्यामुळे खणता येईना म्हणून नीलकंठराव दोरी धरून चर सरळ जातो की नाही ते बघत होते. भूक लागली तशी सगळ्यांनी आपापली फडकी सोडली. नीलकंठरावांकडे फडकं नव्हतंच. पार्वतीनं आपल्या भाकरीतली अर्धी तोडून त्यांच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना वरची चावी उघडली. खाली नळापाशी आधी नुसता वारा आला. मग चिखल. मग लालसर पाणी, आणि मग स्वच्छ. पार्वतीनं घागर लावली आणि ती भरेपर्यंत सगळे बघत राहिले. दुसरीही भरली.

त्या दोन घागरी नीलकंठरावांनी उचलल्या. बायका नको नको म्हणत असताना एक खांद्यावर आणि एक काखेत घेऊन ते पार्वतीच्या झोपडीकडे निघाले. अर्धं पाणी अंगावर सांडलं. सगळा फळिया हसून हसून लोळला. दाराशी, जिथे त्या दिवशी पालथ्या घागरी पाहिल्या होत्या तिथेच, त्यांनी घागरी ठेवल्या.

"अरधी लायो रे, भिया," पार्वती म्हणाली. "म्हने तो पूरी पिलाई थी."

साडी तिनं लगेच नेसून दाखवली. मग नीलकंठराव सगळ्यांकडे वळले, हात जोडले आणि आभार मानायला तोंड उघडलं, तोच रघुजीनं ते जोडलेले हात धरून खाली केले. हलम्यात आभार मानत नाहीत. कोणी बोलावलं की यायचं, बस.

त्यामुळे आभार राहूनच गेले. एप्रिलभर नीलकंठराव देवासच्या घरात अस्वस्थपणे फिरत होते. तीन खोल्यांच्या घरात टॉवर किती मावणार! पार्वतीला, रघुजीला, त्या आंधळ्या म्हातारीला काहीतरी सांगायचं राहिलंय असं त्यांना सारखं वाटायचं. फोनवर ते धड सांगता येत नव्हतं. आणि मनात येई, आपण त्यांचे कोण? एक चूक केलेला कंपनीचा माणूस. काम झालं, विसरले असतील.

मे महिन्यातल्या एका सकाळी फोन वाजला. पार्वती होती. वादळानं तिच्या लेकीच्या घराचं छप्पर उडालं होतं. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. "भिया, हलमो छे. इतवार. आ जाजो." आणि फोन ठेवलासुद्धा, तिला अजून पुष्कळ घरं सांगायची होती.

नीलकंठराव फोन हातात घेऊन बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. स्वयंपाकघरातून शशिकलाबाई घाबरून बाहेर आल्या. "काय झालं? कोणाचं काही बरंवाईट?"

"नाही गं. हलमा आहे. मला बोलावलंय."

शशिकलाबाईंनी पदर खोचला. "मी पण येते. पहाटे निघू. गुळाच्या पोळ्या करून घेऊ का?"

"पोळ्या पाहुण्यांनी न्यायच्या," नीलकंठराव म्हणाले. "या वेळी भाकरी बांध. आपापली भाकरी आपणच न्यायची असते."